राग विचारू नकोस, गळा उघड

झोप यायला नेमका कुठला राग ऐकू, असं विचारलंस ना? वर तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्ताही धाडलास. डोकेदुखीला हा राग, रक्तदाबाला तो, पित्ताला तिसराच. मोठी बहीण म्हणून आधी स्पष्ट सांगते, तो तक्ता पुसून टाक. आजारागणिक रागांची अशी यादी कुणी सिद्ध केलेली नाही. पण म्हणून गाण्यात काही नाही असं समजू नकोस. आहे, भरपूर आहे. फक्त ते रागाच्या नावात कमी आणि तुझ्या श्वासात, हातापायांत, आठवणीत जास्त आहे.

२०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. शस्त्रक्रियेच्या आधी, ती चालू असताना किंवा नंतर ज्यांना संगीत ऐकवलं, त्यांना वेदना कमी जाणवल्या, घालमेल कमी झाली, वेदनाशामक औषधंही कमी लागली. हेलसिंकीत तर मेंदूचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना दोन महिने रोज गाणी ऐकवली, तीही त्यांच्याच आवडीची. ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्या रुग्णांपेक्षा त्यांची शब्दांची स्मरणशक्ती जास्त सुधारली. ‘त्यांच्याच आवडीची’ हे लक्षात ठेव हं. तुला आशाबाईंच्या गाण्याने बरं वाटत असेल तर मारूनमुटकून दरबारी कशाला ऐकत बसतेस?

आता श्वासाचं बघ. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी काही माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि मग एक बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी आपण बारा-पंधरा तरी घेतो. त्या संथ लयीत हृदय आणि रक्तदाब यांचं एकमेकांशी असलेलं नातंही सुधारलेलं दिसलं. गाताना हेच होतं बघ. श्वास पटकन आत घ्यायचा आणि ओळ संपेपर्यंत पुरवून पुरवून सोडायचा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. आजी दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची ती देवासाठी, पण म्हणून झाल्यावर तिचा आवाजसुद्धा खाली आलेला असायचा, आठवतंय?

म्हैसूरला आलीच आहेस तर आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघ. व्ही. व्ही. मोहल्ल्यात आठव्या क्रॉसचा गणपती बसतो, तिथल्या कचेरीला जा. कचेरी म्हणजे इथली मैफल बरं का, ऑफिस नव्हे! आपल्याकडे माना डोलतात, कुणीतरी ‘क्या बात है’ म्हणतं. इथे साऱ्या मांडवाचे हात मांडीवर चालू असतात. एक थाप, मग करंगळीपासून तीन बोटं, मग थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. आदितालाच्या आठ मात्रा आजीबाईंपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे मोजतात. कुणी सांगावं लागत नाही. ताल नुसता ऐकला, अगदी हालचाल न करता, तरी मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात. २००९ साली तर दोन-तीन दिवसांच्या बाळांवर प्रयोग झाला. झोपेत ऐकवलेल्या ठेक्यातली मुख्य मात्रा गाळली की त्यांच्या मेंदूलाही ते कळत होतं. म्हणजे ‘मला तालातलं काही कळत नाही’ ही सबब जन्मल्यापासूनच चालत नाही.

कर्नाटकी गाणं परकं वाटतं म्हणालीस. वाटणारच. मेंदू गाण्यात सारखा पुढचा अंदाज बांधत असतो. आपण समेची वाट बघतो, गवई ती लांबवतो, आणि मग सम आली की अंगावर शहारा येतो. माँट्रियलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की सुख देणारं डोपामीन त्या शहाऱ्याच्या क्षणी तर सुटतंच, पण त्याआधीच्या वाट पाहण्यातही सुटतं. आता वाट बघायची तर काय येणार याची थोडी ओळख हवी. ओळख नसली की नुसता आवाज कानावर पडतो. आपले मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या दरबारात गायचे, तेव्हा एवढा मोठा किराणा घराण्याचा गवई इथलं गाणं कान देऊन ऐकत होता. त्यागराजांची कृती, म्हणजे कर्नाटकी रचना, शिकला आणि तिची ध्वनिमुद्रिकाही केली. तू निदान महिनाभर एकच कृती रोज ऐक. सवयीने अंदाज बांधता येईल, मग शहारा आपोआप.

इथेच, विद्यापीठाच्या मानसगंगोत्री आवाराच्या बाजूला, ‘स्पीच अँड हिअरिंग’ची मोठी संस्था आहे. अपघाताने किंवा झटक्याने वाचा गेलेली माणसं तिथे दूरदूरहून येतात. अशा रुग्णांमध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ‘पाणी’ एवढा शब्द तोंडातून फुटत नाही, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणता येतं. बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे जास्त सांभाळलं जातं, गाण्याला दोन्ही बाजू लागतात. याच आधारावर १९७३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी एक उपचार मांडला. रोजची छोटी वाक्यं दोन सुरांत गायची, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा आणि मग हळूहळू सूर काढून बोलण्याकडे यायचं. सगळ्यांना गुण येत नाही, पण काहींना येतो. यात गाणाऱ्याचा आवाज कसा आहे हे कुणी विचारत नाही, आणि मला तुला नेमकं तेच सांगायचंय.

तू ऐकतेस खूप. उठल्यापासून कानात काहीतरी घातलेलंच असतं. गात मात्र नाहीस. याच गावात महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एम. व्ही. गोपालस्वामींनी १९३५ मध्ये स्वतःच्या घरात रेडिओ केंद्र सुरू केलं. त्याचं आकाशवाणी हे नाव पुढे साऱ्या देशाच्या रेडिओने घेतलं. केवढं उपकाराचं काम! पण घराघरात गाणं आयतं मिळायला लागलं तशी घरातली गाणारी माणसं गप्प होत गेली, असं मला वाटतं. त्याआधीच्या बायकांचं बघ. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. खुंट्याच्या फेऱ्यावर श्वास बांधलेला, समोर बसलेली जाऊ किंवा नणंद त्याच लयीत ओढतेय, आणि जे दिवसभर कुणाला सांगता येत नाही ते ओवीत घालता येतंय. अंग, मन आणि सोबत, तिन्ही एकाच वेळी. त्यांना कुणी गायिका म्हटलं नाही, आणि त्यांनीही वाट पाहिली नाही.

‘माझा आवाज घोगरा आहे’ म्हणू नकोस. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पार बदलला, पुरुषी वाटावा इतका भारदस्त झाला. त्याच आवाजात त्या आयुष्यभर गायल्या, आणि आज म्हैसूरचं संगीत विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. तुला मैफल कुठे गाजवायचीय?

तर असं कर. झोपण्याआधी फोन दूर ठेव आणि दहा मिनिटं सावकाश गा, अंगाईच्या पट्टीत. संध्याकाळी चालायला जातेस तेव्हा पावलांवर काहीतरी गुणगुण. कानातला आवाज निम्म्यावर ठेव. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त नको, आणि तू तर रोज आठ-दहा तास ऐकतेस. आणि हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे झोप लागली नाही, मन उदासच राहिलं, तर सरळ डॉक्टरकडे जायचं. तिथे गाण्याआड लपायचं नाही. मी येते बरोबर.

शेवटचं आणि महत्त्वाचं, नेहमी एकटीच गाऊ नकोस. स्वीडनमध्ये २०१३ मध्ये समूहगान करणाऱ्यांची हृदयं तपासली, तर ठोके बरोबरीने वाढत होते आणि बरोबरीनेच उतरत होते. तुझी ती मंड्याची रूममेट आहे ना, तिला बसव समोर. तिच्याकडून पुरंदरदासांचं एखादं पद शीक, तुझा एखादा तुकारामाचा अभंग तिला शिकव. भाषा दोन असल्या तरी विठ्ठल एकच आहे, भांडण व्हायचं नाही.