मदोना उतरवताना

पोरी, राफाएलची खुर्चीतली मदोना उतरवायची म्हणतेस, निवड उत्तम आहे. तुझे आजोबा मुंबईच्या जे. जे.त शिकलेले, त्यांच्याकडून आलेलं सांगते.

1513-14च्या सुमाराचं हे गोल चित्र फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात आहे. व्यास जेमतेम 71 सेंटिमीटर, आणि त्यात आई, बाळ, छोटा योहान. तू गोल कॅनव्हास शोधत बसू नकोस. चौकोनी कॅनव्हासवर वर्तुळ आख आणि छापील चित्रावर पाडशील तशाच चौकटी त्यावर पाड. आधी बाळाचं कोपर पक्कं कर, ते साधारण मध्यावर येतं. मग डावीकडचा खुर्चीचा खांब ओळंब्यात घे. बाकी सगळं वळत जातं, त्याला आधार या खांबाचा.

दिसतो तो रंग थेट लावलास की चित्र फसलं. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा, नुसता उजेड आणि सावली. अंबर लवकर वाळतो, म्हणून तो तळाला. पुढच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढव. उलटं केलंस तर वरचा थर आधी आवळतो आणि तडे जातात. पांढरा टायटॅनियम घे. झिंक एकटा वापरला की पुढे ठिसूळ होतो. लाल बाहीला आधी दाट लाल भर, तो वाळू दे, मग तेलातल्या अलिझरिनचा झिरझिरीत हात फिरव. ती आतली धग दोन्ही रंग पॅलेटवर कालवून कधी येत नाही.

लखनौच्या आलमबागेत मे-जूनची लू धूळ घेऊन येते, म्हणून ओलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवावंसं वाटतं. रात्रीपुरतं ठेव. महिनाभर अंधारात राहिलं तर तेल पिवळं पडतं, मदोना कावीळ झाल्यासारखी दिसते. तसं झालंच तर उजेडात ठेव, बरंचसं निवळतं. जानेवारीच्या धुक्यात थर रेंगाळतात. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, तेव्हा खिडकी थोडी उघडी हवी. बोटाला चिकटतंय तोवर पुढचा थर नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

डोळे शेवटी. ती बाळाकडे बघत नाही, आपल्याकडे बघते. पापणीला रेघ मारू नकोस, ओल्या सावलीत कड विरघळू दे. डोक्यामागची सोनेरी वलयं केसाइतकी बारीक आहेत. माझ्या मते त्या चित्रातलं देवपण सगळं नजरेत आहे.

तेलाची फडकी चुरगाळून टाकू नकोस, वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटही घेतात. पाण्याच्या डब्यात बुडव. व्हार्निशला किमान सहा महिने थांब. आणि मागे लिही: राफाएलवरून, तुझं नाव, साल.