अपोलो : नाव, चेहरा आणि पवनीचे रिकामे आसन

१९६९ च्या जुलै महिन्यात 'अपोलो ११' या यानातून गेलेली माणसे चंद्रावर उतरली. अमेरिकेत तेव्हा २० तारीख होती, आपल्याकडे २१ जुलैची सकाळ उजाडत होती. त्याच वर्षीच्या उत्खननाच्या हंगामात, म्हणजे १९६९-७० मध्ये, नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी आपल्या जिल्ह्यातील पवनी येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्या कामाचे प्रमुख होते. वैनगंगेच्या काठच्या जगन्नाथ टेकडीच्या पोटातून एक प्रचंड बौद्ध स्तूप बाहेर आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणी विचारील. वरवर पाहता काहीच नाही. पण 'अपोलो' या नावाचा माग काढत गेलो असता मला हा माग पवनीपाशी आणून सोडतो, आणि तो का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आज हे नाव आपल्या कानांवरून रोज जाते. महामार्गावरच्या टायरच्या दुकानावर ते असते, रुग्णालयावर असते, औषधाच्या पिशवीवर असते. मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने अपोलो बंदर पाहिलेले असते. हे नाव उच्चारणाऱ्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे एखादा देव उभा राहतो? माझ्या समजुतीप्रमाणे कोणाच्याच नाही. नाव उरले, देव गेला.

हा देव होता तरी कसा? ग्रीक पुराणकथांप्रमाणे अपोलो हा झ्यूस आणि लेटो यांचा मुलगा. डेलॉस बेटावर जन्मलेला. आर्टेमिस ही त्याची जुळी बहीण. संगीत, भविष्यकथन, धनुर्विद्या आणि वैद्यक ही त्याची खाती. डेल्फी येथे पायथन नावाच्या सर्पाला मारून त्याने आपले पीठ स्थापिले आणि तेथील कौल घेण्यास सारा ग्रीस लोटत असे. होमरच्या 'इलियड'च्या आरंभीच तो रागावून ग्रीकांच्या छावणीवर बाण सोडतो आणि छावणीत साथ पसरते. म्हणजे रोग पाठविणारा तोच आणि रोग बरा करणाराही तोच. वेदांचा अभ्यास करणाऱ्यास येथे रुद्राची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. रुद्राच्या बाणांची भीती आणि त्यालाच वैद्यांतील श्रेष्ठ वैद्य म्हणणे, हे ऋग्वेदातही जोडीनेच येते. हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या वैद्यांच्या शपथेत पहिले नाव अपोलोचेच आहे. तेव्हा १९८३ साली मद्रासला निघालेल्या रुग्णालयाने हे नाव घेतले, ते देवाच्या जुन्या खात्याला धरूनच झाले. टायरला मात्र ते कसे लागू पडते, हे सांगण्यास रथाच्या चाकापर्यंत जावे लागेल, आणि तो रथही मुळात त्याचा नाही! त्याविषयी पुढे येईलच. शिवाय 'अपोलो' या शब्दाची व्युत्पत्ती खुद्द ग्रीकांनाही ठाऊक नव्हती. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात तिच्यावर चांगलाच खल झालेला आहे.

आता त्याच्या चेहऱ्याकडे वळू. ग्रीक शिल्पकाराने अपोलोला दाढी दिली नाही. झ्यूस दाढीवाला, पोसायडन दाढीवाला. अपोलो मात्र कायमचा तरुण. ऑलिंपिया येथील झ्यूसच्या मंदिराच्या पश्चिमेकडील त्रिकोणी शिरोभागात तो सगळ्या हाणामारीच्या मधोमध हात पसरून शांत उभा आहे. ते काम इ. स. पूर्व ४६० च्या सुमाराचे. व्हॅटिकनमधील 'अपोलो बेल्व्हेडेअर' तर जगप्रसिद्धच आहे. ती मूळ ग्रीक ब्राँझची रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृती होय. अठराव्या शतकात विंकेलमानने तिची एवढी स्तुती केली की युरोपात पुरुषसौंदर्याची ती मोजपट्टीच होऊन बसली. नेपोलियनने ती पॅरिसला नेली आणि त्याच्या पराभवानंतर ती रोमला परत आली. तिच्या कुरळ्या केसांची माथ्यावर बांधलेली गाठ वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हा देव भारतात आला तो प्रथम नाण्यावरून. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात वायव्येकडे अपोलोडोटस नावाचा यवन राजा होऊन गेला. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूस अपोलो आणि दुसऱ्या बाजूस त्याची तिवई आहे. एकीकडे ग्रीक अक्षरे, दुसरीकडे खरोष्ठी; आणि खरोष्ठीत राजाचे नाव 'अपलदत' असे लिहिले आहे. अपोलोने दिलेला तो अपोलोडोटस; आपल्या भाषेत सांगायचे तर 'अपोलोदत्त'! खरोष्ठी लिहिणाऱ्या कारागिराने 'दत' हा भाग किती सहज आपलासा केला पाहा. इ. स. च्या पहिल्या शतकातील एक अनामिक ग्रीक खलाशी आपल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात सांगतो की, या राजाची जुनी नाणी भरुकच्छाच्या, म्हणजे भडोचच्या, बाजारात अजून चालतात. भडोच म्हणजे सातवाहनांच्या मुलखाचे दारच.

आणि या दारातून आत आलेले यवन आपल्या लेण्यांत भेटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांब धेनुकाकट येथील यवनांनी दान दिले आहेत, त्यांतील एकाचे नाव सिहधय. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतरावे लेणे ज्याने खोदविले तो उत्तरेकडील दात्तामित्री नगराचा यवन. त्याचे नाव इंद्राग्निदत्त आणि बापाचे नाव धर्मदेव. काळाच्या ओघात अपोलोचा 'दत्त' गेला आणि इंद्र व अग्नी यांचा 'दत्त' आला. कोणी म्हणतील, ही मुळातली ग्रीक नावांची भाषांतरे असावीत. असतीलही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, महाराष्ट्रात यवन आले, राहिले, दानधर्म करून गेले, आणि आपल्या देवांची नावे मागे सोडण्याची त्यांना गरज वाटली नाही. ग्रीक देवाची एक सुबक ब्राँझमूर्ती कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडली खरी. पण ती पोसायडनची, समुद्रदेवाची. रोमच्या व्यापाराबरोबर ती आली असणार. तिच्यावर नाव नाही. तिला ओळखले ते विसाव्या शतकातील पंडितांनी.

आपला भंडारा जिल्हाही या 'दत्तां'च्या मालिकेबाहेर नाही. पवनीला भार कुळातील भगदत्त राजाचा एक प्राचीन लेख मिळाला असून त्यात पादुकापट्टाचा उल्लेख आहे. 'भग' हा वैदिक आदित्यांपैकी एक. म्हणजे तिकडे अपोलोदत्त, इकडे भगदत्त! परकी नावेही पवनीला अपरिचित नाहीत. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ तेथेच सापडला आणि म. म. मिराशींनी तो प्रकाशात आणला. रूपिअम्म हे नाव आपल्या कोणत्याही व्याकरणात बसत नाही. ते दगडावर तसेच राहिले आहे.

आता मुख्य मुद्दा. गांधारात, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील पेशावरच्या परिसरात, इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत बुद्धाच्या मूर्ती घडू लागल्या. लहरी केस, माथ्यावर त्यांची गाठ, सरळ नाक, अंगावर चुण्यांचे जाड वस्त्र. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच पंडित आल्फ्रेद फूशे याने प्रतिपादिले की, हा चेहरा अपोलोचा आहे. बुद्धाला मानवी रूप दिले ते ग्रीक हाताने. हे मत फार गाजले. त्याच्या तळाशी एक न बोललेले वाक्यही होते, की हिंदी कारागिराला हे स्वतः जमले नसते. आनंद कुमारस्वामींनी १९२७ साली त्याला सडेतोड उत्तर दिले: बुद्धमूर्ती मथुरेच्या यक्षमूर्तींच्या घराण्यातील आहे, तिची आई येथलीच आहे. आज अभ्यासक साधारणपणे दोन्ही ठिकाणी मूर्ती थोड्याफार एकाच काळात घडू लागल्या असे मानतात. गांधारच्या केसांवर आणि वस्त्रावर ग्रीक-रोमन छाप आहे, हे कोणी नाकारीत नाही. नाकारण्याचे कारणही नाही. चेहरा तिकडचा घेतला आणि नाव आपले ठेवले.

पण या वादात पवनीची साक्ष क्वचितच काढली जाते आणि ती काढली पाहिजे असे माझे मत आहे. जगन्नाथ टेकडीच्या कठड्यातील एका स्तंभावर, इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातला हा स्तंभ आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, मुचलिंद नागाची कथा कोरली आहे. बोधी मिळाल्यानंतर बुद्ध ध्यानस्थ असता वादळी पाऊस आला आणि नागराजाने त्याच्यावर फणा धरला, ती कथा. नाग आहे, फणा उभारलेला आहे, त्याखाली आसन आहे. आसन रिकामे आहे. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तोच तेथे नाही.

हे अज्ञान म्हणावे काय? ज्याच्या छिन्नीने फणा इतका जिवंत उठविला, त्याला माणसाचे तोंड कोरता येत नव्हते, असे कोणी मला पटवून देऊ शकणार नाही. त्याच काळातील भारहूतच्या यक्ष-यक्षिणी पाहा. तेथे चेहरे आहेत, दागिने आहेत, खाली नावेसुद्धा लिहिली आहेत. फक्त बुद्धाची जागा मोकळी आहे. तेव्हा ती मोकळी ठेवलेली आहे. निर्वाणाला गेलेल्याला आकार नाही, म्हणून असेल. आसन, वृक्ष, पादुका यांची पूजाच पुरेशी होती, म्हणून असेल. कारण काहीही असो, 'चेहरा कोणी दिला' या प्रश्नाआधी 'चेहरा का दिला नव्हता' हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर ग्रीसमध्ये मिळणार नाही. पवनीच्या दगडांवर दान देणाऱ्यांची लहान-मोठी नावे ब्राह्मीत कोरली आहेत. ती माणसे आपले नाव विसरू देत नव्हती, आणि ज्याच्यासाठी दान द्यायचे त्याला मात्र रूप देत नव्हती. आणखी एक गोष्ट येथे सुचते. अपोलोने आपले पीठ सर्पाला मारून मिळविले. पवनीत सर्प छत्र धरून उभा आहे.

चेहऱ्याचे हे झाले. नावाचा प्रवास बरोबर याच्या उलट झाला. अपोलो बंदराचेच घ्या. गेटवे ऑफ इंडियाची कमान उभी आहे तेथे ग्रीक देवाचे देऊळ कधीच नव्हते. मराठी माणूस त्या जागेला पालवा बंदर म्हणत आला. इंग्रजांच्या कागदांत सतराव्या शतकात 'पोलो' आणि १७४३ मध्ये 'पालो' अशी रूपे आढळतात. मूळ शब्द 'पालवा' हे गलबत, की 'पल्लव' म्हणजे पालवी, की 'पडाव' ही लहान होडी, याविषयी एकमत नाही. पण शाळेत लॅटिन-ग्रीक शिकून आलेल्या गोऱ्या कारकुनाच्या कानाला 'पालो'त अपोलो ऐकू आला, एवढे उघड आहे. मग किल्ल्याला अपोलो गेट आले, अपोलो स्ट्रीट आली. त्या रस्त्याला आता मुंबई समाचार मार्ग म्हणतात. बंदराचे नाव मात्र टिकले. याला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. आपल्या गावाचे नाव बाराव्या शतकाच्या आरंभीच्या रतनपूर येथील शिलालेखात 'भाणार' असे येते, आणि आपण मात्र त्यात भांडार आणि भांडी शोधीत बसतो. घड्याळाच्या 'टायटन'चेही असेच: लोक त्यात ग्रीक राक्षस पाहतात, आणि ते नाव जुळविले आहे टाटा व तामिळनाडू यांच्या आद्याक्षरांतून.

अंतराळयानाला हे नाव कसे मिळाले? १९६० साली अमेरिकन अंतराळसंस्थेतील एब सिल्व्हरस्टाइन यांनी ते सुचविले. रथात बसून सूर्याकडून जाणारा अपोलो या प्रचंड योजनेला शोभतो, अशी त्यांची कल्पना. वस्तुतः जुन्या ग्रीक कथांत सूर्याचा रथ हाकतो तो हेलिओस. अपोलोची आणि त्याची गल्लत मागाहून होत गेली. म्हणजे चंद्रावर जाणाऱ्या यानाला सूर्याच्या म्हणून समजल्या गेलेल्या देवाचे नाव, आणि रथ तिसऱ्याचाच! रथारूढ सूर्य पाहायला आपल्याला इतके लांब जाण्याचे कारण नाही. भाजे येथील विहारात चार घोड्यांच्या रथातील जी मूर्ती सूर्य म्हणून ओळखली जाते, ती ग्रीकांच्या चौकडीशी ताडून पाहण्यासारखी आहे. १९६७ च्या जानेवारीत सरावाच्या वेळी यानाला आग लागून तिघे अंतराळवीर दगावले. १९७२ च्या डिसेंबरात 'अपोलो १७' ने ही मालिका संपली. पन्नास वर्षांनी, २०२२ मध्ये, पुन्हा चंद्राकडे निर्मनुष्य यान निघाले तेव्हा नाव दिले आर्टेमिस. बहिणीचा मान तिला मिळाला. आपल्याकडे चंद्र मामा, तेव्हा हा प्रश्न उद्भवला नाही. 'चांद्रयान' असे सरळ नाव ठेवून आपण २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेथे उतरलो. सूर्याकडे पाहण्यासाठी त्याच वर्षी सोडलेल्या यानाचे नाव मात्र देवाचेच आहे, 'आदित्य'. भगदत्ताचा भग त्याच कुळातला.

चंद्रावरून परतलेले आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर निघाले असता २६ ऑक्टोबर १९६९ रोजी मुंबईस आले होते. ज्या बंदराला त्यांच्या यानाचे नाव आहे, त्याची पालव्यापासूनची हकिकत त्यांना कोणी सांगितली असल्यास मला वाचायला आवडेल.