लाल टॅग

ये, बस इथे. आई सेकंड शिफ्टला गेलीय, बाबा नाईटला जायचेत म्हणून जरा पडलेत. हळू बोलू. जेवताना तू फोन पालथा ठेवलास ना, तेव्हाच मला शंका आली.

तुझ्या नावाचं खोटं इन्स्टा खातं, त्यावर तुझा गॅदरिंगचा फोटो, खाली वर्गातल्यांचे घाणेरडे शेरे. आणि तू ग्रुपवर आलेलं सगळं डिलीट करून मोकळी! घरी कळलं तर फोन जाईल, वर कुणीतरी म्हणेल, 'पुरे झाली शाळा', हीच भीती ना? अगं, त्या पोरांना ती पक्की ठाऊक आहे. तिच्याच जोरावर उड्या मारतात ती.

आमच्या चाकणच्या कंपनीत खराब पार्ट निघाला की लगेच भंगारात टाकत नाहीत. लाल टॅग लावून बाजूला ठेवतात. कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला बिघडला ते त्यावरूनच सापडतं. तूही तसंच कर. आधी स्क्रीनशॉट काढ, त्यात खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. लिंक जपून ठेव. मगच रिपोर्ट आणि ब्लॉक. उलटून शिवी मात्र देऊ नकोस, नाहीतर तेच तुझा स्क्रीनशॉट मिरवत फिरतील.

कधी कुणाचा अश्लील किंवा चेहरा जोडून तसा बनवलेला फोटो आला, तर 'बघ ना' म्हणून मैत्रिणीलाही पाठवायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचा तसा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. मोठ्या माणसाला आपल्याच फोनवर दाखवायचा. असे फोटो इन्स्टाग्राम, फेसबुकवरून हटवायला 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, तिकडे जाते ती फक्त त्याची डिजिटल खूण.

शाळेत आधी बाईंना सांगू. तिथे नाही भागलं तर सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते. मुलांच्या बाबतीतली काही प्रकरणं तिथे नाव न देताही कळवता येतात. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन दिवसरात्र चालते. रात्री झोपच येईना, जीव घाबरा झाला, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे. आणि आपलं कुरुळी गाव २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे, त्यांचं सायबर पोलीस ठाणंही आहे. एकटीने जायचं नाही, मी येईन.

एक बोलू? रागावू नकोस. मागे लातूरकडून आलेल्या त्या मुलीच्या बोलण्याची रील फिरली, तेव्हा तूही हसण्याची इमोजी टाकली होतीस. तीही अशीच फोन पालथा ठेवून जेवली असेल. उद्या डब्याच्या सुट्टीत तिच्याशेजारी बस.

साडेअकराला आईची बस येईल. फोन तुझ्याकडेच राहील, हे आधी मी तिच्याकडून कबूल करून घेते, मग तू सांग. तोवर आण इकडे तो फोन. ते खातं अजून उघडं आहे, टॅग लावून ठेवू.