कागद गावाकडे, बाळंतपण कवठ्यात: खर्च किती, कागद कोणते?

ऊसतोडीला आलात, कांदालागणीला आलात किंवा रांजणगावच्या कंपनीत कामाला लागलात, आणि दिवस भरत आलेत. रेशनकार्ड बीडचं, आधारवरचा पत्ता बिहारचा, काहींचं तर नागरिकत्वच नेपाळचं. कवठे येमाईच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतील की नाही, या शंकेने कोपीवर बसून राहू नका. गरोदरपणाची तपासणी, बाळंतपण आणि बाळाच्या लसी यांसाठी इथला रहिवासी दाखला लागत नाही. कागद लागतात ते खात्यात पैसे जमा व्हायचे असतील तेव्हा. या दोन गोष्टींची गल्लत करून कोणी परत पाठवू लागलं, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. परगावच्या कार्डामुळे गरोदर बाईला उपचार नाकारता येणार नाहीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्येच बजावलं आहे.

खर्च किती? सरकारी दवाखान्यात शून्य. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून लागू आहे. त्यात साधं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, साध्या बाळंतपणाला 3 दिवस आणि सिझेरियनला 7 दिवस जेवण, दवाखान्यात नेणं, मोठ्या दवाखान्यात हलवणं, घरी सोडणं, सगळं मोफत. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचे उपचारही मोफत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचे पैसेही नाहीत.

तरी पैसे जातात, आणि ते कुठे जातात हे आधी माहीत हवं. पहिली गळती गाडीची. रात्री कळा सुरू झाल्या की घाबरून खासगी जीप ठरवली जाते. रुग्णवाहिकेचा 102 किंवा 108 नंबर फोनमध्ये आजच साठवा, आणि ज्या शेतकऱ्याच्या फडावर आहात त्याचं नाव, वस्ती आणि जवळची खूण पाठ ठेवा. गाडीवाल्याला कोपी सापडत नाही, उशीर बहुतेक तिथेच होतो. दुसरी गळती सोनोग्राफीची. बाहेरून करून आणा म्हणाले, तर ‘मोफत कुठे होते, तिथली चिठ्ठी द्या’ एवढं म्हणा. त्यासाठी फॉर्म भरावा लागतो, म्हणून ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा. तिसरी गळती बाहेरच्या औषधांची. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाण्याआधी अधिकाऱ्यांना दाखवा. चौथी, बाळ हातात देताना मागितली जाणारी खुशी. मुलगा झाला म्हणून जास्त, मुलगी झाली म्हणून कमी, असा कसलाही दर सरकारने ठरवलेला नाही. देऊ नका. तक्रारीला 104, लाच मागितली तर 1064.

सगळ्यात मोठा खर्च मात्र दवाखान्यात होत नाही. तो खाड्याचा. तपासणीच्या दिवसाची मजुरी बुडते, उचलीतून कापतात, म्हणून तपासणीच टळते. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण टळलेल्या तपासणीची किंमत बाळाच्या वजनात दिसते. मुकादमाशी आधीच बोला. महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तेवढा एक दिवस ठरवून घ्या. किमान चार तपासण्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. गावी नोंद झाली असेल तर माता बाल संरक्षण कार्ड सोबत आणाच. ते नसेल तर इथे नवीन काढून घ्या. रक्तगट, हिमोग्लोबिन, आधीचं सिझेरियन, बीपी हे कार्डावर असलं, तर शिरूर किंवा मंचरच्या सरकारी रुग्णालयात पाठवताना पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

बाळंतपणानंतर किमान 48 तास दवाखान्यातच थांबा. फडावर जायची घाई करू नका. बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस तिथेच मिळते. काविळीची 24 तासांच्या आत हवी. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा पिवळं पडत असेल, श्वास जोरात चालत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. घरी गेल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ पाहायला येतात. टोळी फड बदलते तेव्हा त्यांना फोन करून नवी जागा कळवा.

आता पैसे मिळण्याचं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत 5,000, दुसरं बाळ मुलगी असेल तर एकदम 6,000 रुपये. आईचं आधार, आधारशी जोडलेलं तिच्याच नावाचं बँक खातं, आणि ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालील रेशनकार्ड यांसारखा एक कागद लागतो. नवऱ्याचं खातं चालत नाही. जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या ग्रामीण मातांना. फॉर्मला फी नाही. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना विचारा, एजंटाला नाही. अंगणवाडीचा पोषण आहारही बंद होत नाही, गावची नोंद इकडे वळवता येते. नेपाळी आईला आधारवर चालणारे हे पैसे सहसा मिळणार नाहीत. तपासणी आणि लस मिळते.

जन्माची नोंद जन्म जिथे झाला तिथेच होते, मूळ गावी नाही. 21 दिवसांत मोफत, पहिला दाखलाही मोफत. 30 दिवसांनंतर परवानग्या, वर्षानंतर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. हंगाम संपून पट्टा पडल्यावर बीडहून त्यासाठी परत येणं म्हणजे भाडं आणि दोन दिवसांची मजुरी. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद करा. नाव वर्षभरात फुकट घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, म्हणून आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, हे सही करण्याआधी तपासा. आई परदेशी असली तरी नोंद होते. मात्र हा दाखला नागरिकत्वाचा पुरावा नाही. 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व आईवडिलांच्या नागरिकत्वावर ठरतं.

निघायच्या दिवशी पिशवीत तीन कागद हवेत: माता बाल कार्ड, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला. पुढची लस दीड महिन्याला. तारीख कार्डावर लिहून घ्या, ती गावच्या उपकेंद्रातही मिळते.