आधी टीव्हीचा रिमोट, मग नवा कन्सोल

एकच गेम दोन कन्सोलवर कसा दिसतो हे ताडून पाहायचं असेल, तर टीव्ही बदलायचा नाही. चिखलीत टीव्ही-कन्सोल दुरुस्तीचं काम करताना हे मी गिऱ्हाइकांना सांगून थकलो. मित्राच्या घरच्या मोठ्या टीव्हीवर गेम पाहायचा, आपल्या घरी तोच फिका वाटला की मशीन घेऊन दुकानात यायचं: "भाऊ, हे काहून असं धुरकट दिसते? दोस्ताच्या घरी तं चकाचक दिसते!" एवढ्यावरून लोकांनी धडधाकट पीएस-४ मातीमोल भावात विकून पन्नास हजारांच्या घरातला पीएस-५ आणलेला मी पाहिला आहे. जुन्याच टीव्हीला जोडल्यावर चित्रात उजवं-डावं करता येईना, आणि पैसे तर गेलेले.

आपल्याकडे हॉलमध्ये बऱ्याचदा ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही असतो. त्यावर चित्राचे ठिपके १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख. फुल एचडीत ते २०.७ लाख होतात आणि फोर-केमध्ये ८३ लाख. कन्सोलनं कितीही बारीक चित्र पाठवलं, तरी हा टीव्ही ते साडेदहा लाखांत कोंबूनच दाखवणार. अंतराचाही भाग आहे. ३२ इंची फुल एचडी पडद्यापासून साधारण साडेचार फुटांच्या पुढे बसलं, की शाबूत नजरेलाही ठिपके सुटे दिसत नाहीत. आपण बसतो आठ-दहा फुटांवर, दिवाणावर लोड टेकून.

रंगांचं तर विचारूच नका. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वेगळा गुलाबी होता; तळं मात्र एकच. टीव्हीचंही तसंच. दुकानात तो 'व्हिव्हिड'वर लावलेला असतो: रंग भडक, शार्पनेस चढवलेला. झाडाच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि बघणारा म्हणतो, "काय क्लिअर आहे!" ती रेघ गेममध्ये नसते, टीव्हीनं ओढलेली असते. म्हणून दोन्ही मशीन लावताना पिक्चर मोड 'गेम'वर ठेवा आणि शार्पनेस उतरवा. मशीन दोन असली तरी एचडीएमआय पोर्ट एकच वापरा, कारण पुष्कळ टीव्ही प्रत्येक पोर्टची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात.

धुरकटपणाच्या तक्रारीत मी आधी कन्सोलमधली आरजीबी रेंज बघतो. कन्सोल 'लिमिटेड' पाठवतो आणि टीव्ही 'फुल' समजतो, तेव्हा काळा रंग राखाडी पडतो. उलटं झालं तर गुहेतला, रात्रीचा सगळा तपशील काळ्यात बुडतो. हे 'ऑटो'वर टाकायला दोन मिनिटं लागतात. फोर-के टीव्ही असेल तर त्या पोर्टचा 'एन्हान्स्ड' सिग्नल चालू आहे का तेही बघा. पुष्कळ टीव्हींत तो बंदच असतो.

पुढचा घोळ मोडचा. पीएस-५ वर बऱ्याच गेममध्ये 'परफॉर्मन्स' आणि 'क्वालिटी' असे दोन पर्याय असतात. पहिल्यात बहुधा सेकंदाला ६० चित्रं येतात, बारकावे थोडे कमी; दुसऱ्यात बारकावे जास्त, पण चित्रं ३०. एकाच्या घरी एक मोड, दुसऱ्याच्या घरी दुसरा, आणि वाद मात्र पीएस-५ भारी की एक्सबॉक्स! एक्सबॉक्समध्येही सीरिज एस १४४०पी डोळ्यासमोर ठेवून बनवलेला आहे आणि सीरिज एक्स फोर-के. 'एक्सबॉक्सवर पाहिलं' म्हणणाऱ्याला आधी विचारा, कोणत्या?

मोबाइलवर तुलनेचे व्हिडिओ बघून ठरवणारेही येतात. व्हिडिओ अपलोड होताना दाबला जातो. गवत, धूर, पाऊस अशा हलत्या बारकाव्यांचा आधी चिखल होतो. वर नेट मंदावलं की तो ४८०पी वर उतरतो. तो व्हिडिओ कोणत्या मशीनवरचा आहे तेही बघा. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० ला आला, तेव्हा आधीची बहुतेक परीक्षणं पीसीवर खेळून लिहिलेली होती. साध्या पीएस-४ वर त्याची इतकी दैना झाली, की आठवडाभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला. परत आला तो जून २०२१ मध्ये. गेम तोच होता, पण पीसीवरचं चित्र पाहून पीएस-४ साठी पैसे मोजणारे फसले.

अशी तुलना करायच्या सरावाला आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम चांगला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निंटेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीएस-४, एक्सबॉक्स वन, पीसीवर. मूळ स्विचचा स्वतःचा पडदा ६.२ इंची, ७२०पी. हातात धरल्यावर चित्र रेखीव वाटतं. तोच स्विच ४३ इंची टीव्हीला जोडला की त्याच चित्राच्या कडा उघड्या पडतात. मशीन तेच, पडदा तेवढा बदलला.

तुलना करायचीच असेल तर एकच प्रसंग दोन्हीकडे सुरू करा आणि रोजच्या जागेवर बसा. आधी थांबून लांबच्या भिंतीवरची नक्षी, जाळीच्या कडा आणि सावलीची किनार बघा. मग कॅमेरा गर्रकन फिरवा आणि गर्दीच्या मारामारीत शिरा. थांबलेल्या चित्रात सगळेच कन्सोल साजरे दिसतात, खरं काय ते हलत्या चित्रात कळतं. दहा मिनिटांनी घरातल्या कुणाला तरी आपल्याला न कळू देता मशीन बदलून लावायला सांगा आणि कोणतं चालू आहे ते ओळखा. ओळखता आलं तर नव्या मशीनचे पैसे सार्थकी लागतील. नाही आलं, तर तेच पैसे टीव्हीसाठी राखून ठेवा.