विद्यार्थीदशेतली दत्तभक्ती



श्रीमद्‌भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांची भेट आहे. आपल्या परंपरेत हा अवधूत म्हणजे साक्षात दत्तात्रेय. चोवीस गुरूंची ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यामुळे तिच्यातल्या दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे यदूला जो अवधूत दिसला तो तरुण होता, असं भागवतकार सांगतात. आपल्या डोळ्यांपुढे मात्र जटा वाढवलेला म्हातारा येतो! दुसरी गोष्ट म्हणजे हे गुरू आपण स्वतःच्या बुद्धीने केले, असं अवधूत सांगतो. कुणी त्याच्या कानात मंत्र सांगितला नव्हता. त्याने पाहिलं, विचार केला आणि घेण्यासारखं ते घेतलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या श्रद्धेविषयी लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. घरी असेपर्यंत गुरुवारचा उपवास, संध्याकाळची आरती, सगळं आनंदाने करायचा. दुसऱ्या वर्षी दिवाळीला आला तेव्हा आरतीला उभा राहिला नाही. ताई तर रडायलाच लागली. रात्री गच्चीवर मला म्हणाला, "मामा, मला ढोंग करायचं नाहीये. तिकडे सोवळंओवळं जमत नाही. रूमवर आम्ही चौघं, त्यातला एक सारखी टिंगल करतो. आणि खरं सांगू का, जे शिकतोय त्यानं प्रश्न पडतात. म्हणजे माझी श्रद्धा गेलीच ना?"

मी म्हटलं, अरे, प्रश्न पडला म्हणून श्रद्धा गेली हे तुला कुणी सांगितलं? यदूने विचारलं म्हणून तर अवधूत बोलला. आपलं गुरुचरित्र घे. नामधारक विचारतो आणि सिद्धमुनी सांगतात, असाच सगळा ग्रंथ आहे. नामधारकाला शंकाच आली नसती तर सरस्वती गंगाधरांना पुढे लिहायला काय उरलं असतं?

माझ्या पाहण्यात प्रश्नांपेक्षा देवाशी केलेल्या सौद्यांनी जास्त मुलांची श्रद्धा घालवली आहे. "पास झालो तर अकरा नारळ" हे तारण ठेवून कर्ज मागण्यासारखं झालं. निकाल मनासारखा लागला नाही की मुलाला वाटतं, देवानं प्रकरण नामंजूर केलं. मोठी माणसंही याला हातभार लावतात. सतराव्या अध्यायातला करवीरचा मंदबुद्धी मुलगा आपण पोरांना सांगतो तो असाच, की बघ, औदुंबरी गेला आणि विद्या मिळाली. पण तो मुलगा लोकांच्या निंदेने जिवावर उदार होऊन भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे बसला होता, आणि त्याला हवी होती ती विद्या. टक्के नव्हेत. चौदाव्या अध्यायातल्या सायंदेवाचंही तसंच. क्रूर यवनाचं बोलावणं आलेलं, जीव जाणार हे दिसत होतं. श्रीगुरूंनी त्याला लपवून ठेवलं नाही. अभय दिलं आणि जा म्हणून सांगितलं. परीक्षेच्या आदल्या रात्री चौदावा अध्याय वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, की सकाळी पेपरला जायचं आहेच, आणि अभ्यास करून जायचं आहे.

मग अभ्यास आणि उपासना यांचा संबंध काय? इथे मला नाथांची गोष्ट फार जवळची वाटते, कारण माझा जन्म बँकेत आकडेमोडीत गेला. दिवसाअखेर एका रुपयाचा फरक राहिला तरी आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत लेजर उलटत बसायचो. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे होते. स्वामी किल्ल्याचा कारभार पाहत आणि दत्ताचे थोर उपासक होते. त्यांनी नाथांकडे हिशेब सोपवला होता. एकदा एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर बसले, चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन पाहतात तो हा प्रकार. म्हणाले, एका पैसाठी तू एवढा एकाग्र होतोस, तेच चित्त भगवंताकडे लागलं तर काय होईल! अशी ही कथा सांगतात. स्वामींनी हिशेब टाकून दे म्हटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्या चित्ताने पै शोधली तेच चित्त पुढे भगवंताकडे वळायचं होतं. चोवीस गुरूंतला बाण करणारा कारागीरही असाच. समोरून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली, त्याला पत्ता नाही. गणित सोडवताना तासभर मोबाइल ज्याला आठवत नाही, त्या मुलाला ध्यान वेगळं शिकवायला फार कष्ट पडणार नाहीत.

राहिला टिंगलीचा प्रश्न. त्याला अवधूताने कुमारीच्या कंकणांची गोष्ट सांगून ठेवली आहे. घरी पाहुणे आले, आत ती भात कांडू लागली, तर कांकणं वाजायला लागली. आपलं दारिद्र्य बाहेर कळेल म्हणून तिने एकेक उतरवून हातात एकच ठेवलं, आवाज थांबला. हॉस्टेलच्या खोलीत चौघांत राहताना भक्तीचा आवाज करू नये. मोठा फोटो, मोठ्याने स्तोत्र यांची गरज नाही. भाच्याला मी एवढंच सांगितलं की सकाळी आंघोळीनंतर टेंबेस्वामींचं घोरकष्टोद्धरण स्तोत्र मनात म्हण, दोन-तीन मिनिटं लागतात, आणि कॉलेजात चालत जाताना नाम घे. सप्ताहाचे नियम कडक आहेत. तिकडे अर्धवट करण्यापेक्षा सुट्टीत घरी नीट कर. हसणाऱ्याशी वाद घालू नकोस. त्याच्या आजारपणात डबा आणून दे.

नेम चुकला तर, हेही त्याने विचारलं. मी सांगलीला बी.कॉम.ला असताना शनिवारी एस.टी.ने नृसिंहवाडीला जायचो. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी लोकांची झुंबड उडते. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात आणि उपासना तिथे चालू राहते. पाणी उतरलं की पुन्हा खाली. परीक्षेच्या दिवसांत नेम असाच थोडा वर हलवावा. स्तोत्र नाही जमलं तर झोपताना एकदा 'श्रीगुरुदेव दत्त' म्हणावं, आणि पेपर संपले की जागच्या जागी आणावा.

ताईला मी वेगळं बजावलं, की फोनवर "आज उपवास केलास का?" हे विचारू नकोस, जेवलास का ते विचार. तिला ते अजून पटलेलं नाही.

यंदा जयंतीच्या सप्ताहाला भाचा येईल की नाही सांगता येत नाही, त्याच आठवड्यात त्याचे पेपर आहेत. पण परवा गुरुवारी त्याचा फोन आला. "मामा, त्या चोवीस गुरूंत शिकवायला बसलेला असा एकही नाही, सगळे आपापलं काम करतायत. असं का?" मी त्याला अकराव्या स्कंधाचे सातवा, आठवा आणि नववा हे तीन अध्याय नाथांच्या टीकेसह वाचायला सांगितले आहेत. पुस्तक मी कुरिअरने पाठवलं आहे.