शुद्धिस्थानाविषयी

चि. बाळास,


परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, व्हिसाची वाट बघणं म्हणजे नुसतं पर्गेटरी झालंय." तुझी तगमग मला कळते, पण तो शब्द तेव्हापासून मनात घोळतो आहे. तुझी बॅग भरून तयार आहे आणि निकाल अडकलाय. पर्गेटरीत, म्हणजे शुद्धिस्थानात, सगळं याच्या उलट. तिथल्या जिवाचा निकाल लागलेला असतो, तो देवाचा झालेला असतो; त्याची तयारी तेवढी व्हायची असते.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला ज्वाळांतून हात वर केलेल्या माणसांचं चित्र दाखवत. रात्री मी घाबरून आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, कुशीत शिरायचे. त्या ज्वाळा चर्चनं कधी सिद्धान्त म्हणून सांगितल्याच नाहीत, हे फार उशिरा समजलं. 1563 साली ट्रेंटच्या धर्मसभेनं ठामपणे सांगितलं ते एवढंच, की शुद्धिस्थान आहे आणि तिथल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनेचा, विशेषतः मिस्साचा, आधार होतो. पैशाचा वास येईल असं काही चालू देऊ नका, असंही बिशपांना बजावलं. बजावावं लागलंच, कारण पापक्षमापत्रांच्या बाजाराविरुद्ध ल्यूथर 1517 मध्येच उभा राहिला होता. पुढे 1999 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर ही जागा नसून अवस्था आहे, असंच सांगितलं.

मला ती अवस्था उमगली कवी दान्तेमुळे. त्याचं शुद्धिस्थान म्हणजे समुद्रातून वर आलेला, उघड्या आभाळाखालचा डोंगर. त्याच्या सात टप्प्यांपैकी पहिल्यावर गर्विष्ठ माणसं पाठीवर धोंडे घेऊन वाकून चालतात आणि चालता चालता प्रभूची प्रार्थना म्हणतात. शेवटची विनंती आमच्यासाठी नाही, मागे राहिलेल्यांसाठी आहे, असं देवाला सांगतात. पाठ मोडतेय आणि आठवण आपली काढताहेत! तिथे गेलेलं माणूस आपल्यापासून तुटत नाही, हे मला तिथे पटलं.

तुझी आजी धाकट्या बहिणीशी वीस वर्षं बोलली नाही. कारण काय, तर शेताचा बांध. शेवटच्या आजारातही तिनं बहिणीचं नाव काढू दिलं नाही. ती देवाची होती याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तिथे बहीण समोर आल्यावर ती तोंड कसं फिरवणार? तो अबोला तिला सोडावा लागेल, आणि वीस वर्षांचा अबोला सुटताना दुखणारच. माझ्या लेखी शुद्धिस्थान ते हेच.

2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस. तोवर व्हिसा आला नाही, तर घरी ये. आदल्या दिवशी आजीचं थडगं धुऊ. गेल्या वर्षीचं मेण फरशीच्या सांध्यांत घट्ट बसलंय, ते जुन्या सुरीनं खरवडावं लागेल. माझी बोटं आता चालत नाहीत. झेंडू मी आणून ठेवीन. तिथून तीन रांगा सोडून तिच्या बहिणीचं थडगं आहे. तिथली मेणबत्ती तू लाव, आजीच्या नावानं.

तुझी,
आत्या